टर्मिनलकाका

मानखुर्द सुटलं की हार्बरची गाडी खाडीपुलावर चढते आणि वाशीपर्यंत मध्ये एकही स्टेशन नाही. टर्मिनलकाकांना हे पक्कं ठाऊक. म्हणूनच गाडी हलल्याखेरीज ते तोंड उघडत नाहीत. ‘‘तुझ्या लॅपटॉपवर डीफॉल्ट एडिटर कोणता रे?’’ असं त्यांनी विचारलं, की समोरच्यापुढे उत्तर देणं किंवा खाडीत उडी मारणं एवढेच पर्याय उरतात.

असे काका हल्ली वस्तीगणिक एखादे सापडतात. आमचे जरा जास्त कडक, कारण त्यांना मातीचा अभिमान. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दचंच आणि तिथे काम केलेले नागार्जुन जी. हे भारतातल्या फ्री सॉफ्टवेअर चळवळीतलं मोठं नाव. ‘‘आपल्या मानखुर्दची परंपरा आहे ही,’’ काका सांगतात. त्यांचा स्वतःचा त्या केंद्राशी संबंध म्हणाल तर बस त्याच्यासमोरून जाते एवढाच.

‘निवडीचं स्वातंत्र्य वापरणाऱ्याचं’ हे त्यांचं ब्रीद. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या स्वातंत्र्याचे पहिले लाभार्थी. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर रखडायला लागला होता. काकांनी त्यात फुकटात उबुंटू लिनक्स टाकलं, ते मस्त पळायलाही लागलं, आणि तिथेच थांबले असते तर पुण्यवान ठरले असते. पण मेंटेनन्सचा हिशेब साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, तोही टर्मिनलच्या काळ्या पडद्यावरच ठेवायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलं. ‘सिलेक्ट-एडिटर’ लिहून एंटर मारलं. एडिटरांची यादी आली. पहिला नॅनो, आणि त्याच्यापुढे बाण काढून इंग्रजीत ‘सर्वांत सोपा’ असा शेरा. मग दोन प्रकारचे व्हिम. चौथ्या क्रमांकावर ईडी.

सेक्रेटरी दचकले. ‘‘ईडी? आपल्या सोसायटीत?’’

‘‘ही केन थॉम्पसनची, 1969 ची. चूक झाली तर नुसतं प्रश्नचिन्ह दाखवते, नोटीस नाही पाठवत.’’

‘‘मग तो सोपा लिहिलाय तोच राहू द्या की.’’

काकांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांच्या वरणात साखर घातली. त्यांनी दोन दाबलं. व्हिम! मूळचा व्हीआय बिल जॉय यांनी 1976 साली लिहिला, मोडेम 300 बॉडचा, अक्षर न् अक्षर सावकाश उमटायचं. म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या. सेक्रेटरींकडे फायबरचं कनेक्शन आहे, हा मुद्दा काकांनी ऐकला नाही.

दुसऱ्याच दिवशी एका सभासदाने मेंटेनन्स डिमांड ड्राफ्टने भरला. सेक्रेटरींनी त्याच्या नावाच्या ओळीवर जाऊन शिस्तीत ‘डीडी’ टाइप केलं. व्हिममध्ये डीडी म्हणजे अख्खी ओळ उडवणे. ज्याने पैसे भरले तोच हिशेबातून गायब. काका धावत आले ते आनंदाने. ‘‘बघा, नुसतं यू दाबायचं, परत येते! कसली ताकद!’’

बाहेरच्या जगातले डीफॉल्टही काकांच्या जिवाला लागतात. ॲपलने 2019 मध्ये मॅकच्या टर्मिनलमध्ये बॅश सोडून झेडशेल धरला, ते त्यांनी ‘श्रीमंतांची थेरं’ म्हणून सोडून दिलं. पण 2020 मध्ये फेडोरा 33 या लिनक्सने व्हीआयच्या जागी नॅनो बसवला, तेव्हा घरात दोन वेळा जेवण कमी गेलं. उबुंटू 25.10 ने जीएनयूची जुनी हत्यारं काढून रस्ट भाषेत लिहिलेली आणली आणि त्यातल्या ‘डेट’ या साध्या तारीख सांगणाऱ्या आज्ञेतल्या चुकीने आपोआप होणारे अपडेट अडले. त्या दिवशी काकांनी फलाटावर आम्हाला वडापाव खिलवला. नव्या हत्यारांचा मुळात हेतू चांगला आहे, असं माझं मत. पण वडा गरम होता, मी बोललो नाही.

अखेर सेक्रेटरींनी निर्वाणीचं सांगितलं, नॅनो द्या नाहीतर मी वहीवर जातो. काका लगेच तयार झाले. ‘‘तुमचं मशीन, तुमची निवड.’’ बसले आणि एका ओळीत काम उरकलं. ती ओळ मी मागून वाचली: कोणी ‘नॅनो’ लिहिलं की व्हिम उघडायचा.

सेक्रेटरी आता रोज नॅनो लिहून एंटर मारतात. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘उगाच नावाजतात हो लोक. मला तर दोन्ही सारखेच वाटतात.’’