दादा, जरा लक्ष ठेवा हं!

मायबापहो,

आधी आपले जाहीर आभार मानतो. बोरघाटाच्या पायथ्याशी एका वॉटरपार्कमध्ये, लाटांच्या तलावाकाठी, गळ्यात शिटी अडकवून मी उभा असतो. कंत्राटी लाईफगार्ड. माझ्यावर आपण जेवढा विश्वास टाकता, तेवढा माझ्या सासऱ्यांनीही टाकला नव्हता. मुलगी देण्याआधी त्यांनी पगाराची चिठ्ठी मागितली, गावात दोघांकडे चौकशी केली, पत्रिका पाहिली. आपण पोटचा गोळा हवाली करताना माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नावही वाचत नाही. 'दादा, जरा लक्ष ठेवा हं!' एवढंच म्हणता, आणि 'कोणावर?' असं मी विचारीपर्यंत आपली पाठ फूड कोर्टाच्या रांगेत दिसू लागते.

मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण डोळ्यांत तेल घालून असता. मोबाईल प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट गळ्यात, पाकिटाचं बक्कल दोनदा तपासलेलं. गाडीची किल्ली लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली मनगटाला, लॉकरच्या डिपॉझिटची पावती पुन्हा मोबाईलच्या पाकिटात. एवढ्या चोख बंदोबस्तात एकच गोष्ट बिनपावतीची मोकळी फिरते. ती साडेतीन फूट उंच असते आणि तिला पोहता येत नसतं.

साडेतीन फूट हेही पक्कं धरू नका. आमच्याकडे मुलांची उंची जागेप्रमाणे बदलते. तिकिटाच्या खिडकीवर उंचीनुसार सवलत असते, तिथे मूल गुडघ्यांत वाकवून उभं केलं जातं. 'वाक रे जरा, वाक!' अर्ध्या तासाने तेच मूल मोठ्या घसरगुंडीच्या जिन्याशी टाचा उंचावून उभं असतं आणि तेच वडील सांगत असतात, 'सरळ उभा राहा, मान ताठ!' एकाच सकाळी एकाच मुलाला वाकायला आणि ताठ राहायला शिकवणारं असं दुसरं विद्यापीठ माझ्या पाहण्यात नाही. पट्टीपेक्षा चार बोटं कमी भरलं की वाद सुरू. 'अहो, त्याला भीती नाही वाटत.' साहेब, अट भीतीची नाही. वळणावर हलकं शरीर उसळतं, पाळण्याचा दांडा मोठ्या माणसाच्या मांडीच्या मापाने बसवलेला असतो, खालच्या कुंडात पाणी किती असावं याचा हिशेबही उंचीवरून होतो. न भिणारं मूल वळणावर भिणाऱ्या मुलाइतकंच उसळतं.

म्हातारे लोक म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी म्हणजे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा. बोटीने खाडी ओलांडून जायचं, आईच्या पिशवीत घरचे डबे, आणि बोटीत चढताना-उतरताना बाप मुंडकी मोजणार. टीव्हीवरच्या जाहिरातीतलं पोरगं तर घरी परतायलाच राजी नसायचं. त्या जाहिराती पाहून वाढलेली पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. संध्याकाळी घरी जायचं असतं हे तिला बरोब्बर आठवतं. सकाळी बरोबर काय आणलं होतं, तेवढं विसरायला होतं.

सगळ्यांत धाकधूक मला सोसायटीच्या सहलीची वाटते. एक बस, नऊ मुलं, सतरा मोठी माणसं. आपल्याला वाटेल, सतरा जण म्हणजे चौतीस डोळे. हिशेब तसा नसतो. देशपांडे काकूंना वाटतं शिंदे वहिनी बघताहेत, वहिनींना वाटतं सेक्रेटरी बघताहेत, आणि सेक्रेटरी दुपारच्या जेवणाची कुपनं मोजत असतात. आईबाप दोघंच आले तर निदान एकमेकांवर ओरडायची सोय असते. सतरा जणांत कोण कोणावर ओरडणार?

दुसरी तऱ्हा ताईची. 'ताई आहे ना त्याच्याबरोबर!' असं मला अगदी खात्रीने सांगतात. ही ताई नऊ वर्षांची असते. भावाचं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलेलं असतं, आणि तो माशासारखा निसटायला बघत असतो. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ती गुडघाभर पाण्यात उभी. तिकीट तिचंही पूर्ण काढलेलं, पण घसरगुंडी एकही नाही. लाटा सुरू व्हायच्या आधीचा भोंगा वाजला की भावाला ओढत काठाकडे येणारी, 'काका, याला सांगा ना' म्हणणारी अख्ख्या तलावात तीच एक पोर. आमच्याकडे वर्षाअखेरीला उत्तम कामगाराला घड्याळ देतात. ते दर वर्षी अशाच एखाद्या ताईला जायला हवं. पण तिचं नाव हजेरीपटावर नसतं. माझ्यासारखीच तीही कंत्राटी, फक्त बिनपगारी.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा, वाचवा' ओरडतो, मग हिरो शर्ट काढून उडी मारतो. खरं बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर आलं तर त्याला श्वास घ्यायचा असतो, हाकेला श्वास उरत नाही. हात वर जात नाहीत, ते पाणी खाली दाबत राहतात. काठावरच्या माणसाला वाटतं, मस्त खेळतंय. मिनिटाच्या आत सगळं आटोपतं, आणि त्याला खोल पाणी लागतं असंही नाही. दंडावर चढवलेले रंगीत फुगे ही बाजारात मिळणारी खेळणी आहेत, ओल्या हातावरून ती सुळकन निघतात. म्हणून आम्हाला १०/२० नावाचा नियम शिकवतात. आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे, आणि कोणी संकटात दिसलं तर वीस सेकंदांत तिथे पोहोचलं पाहिजे.

ते दहा सेकंद कसे जातात तेही सांगतो. 'दादा, वॉशरूम कुठंय?' 'दादा, हा कॉस्च्युम सैल होतोय, बदलून मिळेल का?' 'दादा, इथे वायफाय आहे का?' आणि सगळ्यांत लाडका प्रश्न, 'दादा, आमचा एक फॅमिली फोटो काढा ना, मागे लाट आली पाहिजे हं.' पाण्याकडे पाठ करून, पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या हातात मोबाईल द्यायचा, हे फक्त आपल्यालाच सुचू शकतं. मी नकार दिला की मी उद्धट. पण फोटोचा एक उपकार मान्य करायला हवा. मूल जवळ नाही, हे बहुतेक घरांना फोटोच्या वेळीच कळतं. सगळे ओळीने उभे राहतात, हसतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, 'अरे, चिनू कुठाय?'

चिनू तेव्हा घोषणा कक्षात बिस्कीट खात असतो. तिथे आमची एक सहकारी ताई मायक्रोफोन घेऊन बसते, तिची अडचण ऐका. वर्णन काय करणार? भाड्याच्या निळ्या नायलॉन कॉस्च्युममध्ये अख्खा पार्क निळा झालेला असतो. नाव विचारलं तर 'चिनू'. आडनाव? 'चिनू'. बाबांचं नाव? 'बाबा'. आईचं? 'मम्मा'. राहता कुठे? 'सहाव्या मजल्यावर.' फोन नंबर पाठ नाही, पण बाबांच्या मोबाईलचं लॉक कसं उघडायचं ते बोटाने हवेत काढून दाखवतो. शेवटी घोषणा होते, 'सहाव्या मजल्यावरचे चिनूचे बाबा जिथे असतील तिथून त्वरित यावे.' चार बाबा येतात.

खरे बाबा पाचवे असतात. हातात गरम पॉपकॉर्न असतं आणि तोंडात 'तासभर शोधतोय आम्ही!' पॉपकॉर्न गार व्हायला किती वेळ लागतो हे आम्हाला माहीत असतं, पण कामावर असताना ग्राहकाशी वाद घालायचा नाही असा नियम आहे. मग ते चिनूला दोन धपाटे देतात, 'कुठे तडफडला होतास?' म्हणून. खरं तर हा प्रश्न चिनूने विचारायचा. त्यानंतर आम्हाला, 'तुमचं लक्ष कुठे असतं?' आणि रात्री घरी पोहोचल्यावर इंटरनेटवर एक तारा. 'स्टाफ निष्काळजी. वडापाव महाग.'

या 'लक्ष ठेवा'ने हल्ली माझी झोप उडाली आहे, त्याला कारण कायदा. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण त्रास होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. वाचून मी आधी खूश झालो. मग विचार आला, ताबा कोणाकडे? आपण तर 'दादा, लक्ष ठेवा' म्हणून निघून जाता. म्हणजे लाटांच्या तलावात रविवारी जी तीनशे मुलं असतात ती सगळी माझ्या ताब्यात आली की काय? आपल्या चौघांच्या एका दिवसाच्या तिकिटांत माझा निम्मा पगार निघतो. एक लाखाचा दंड बसला तर तो हप्त्याने भरता येतो का, एवढं कोणी वकिलाने कळवावं.

परदेशातही हा ताप असावा. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ पासून चालू आहे. तिथे २०१३ मध्ये नियम करावा लागला की चौदा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने प्रवेश नाही, सोबत निदान चौदा वर्षांचं कोणीतरी पाहिजे. आमच्या साहेबांना मी हा नियम सुचवला. ते म्हणाले, आपल्याकडे गरज नाही, आपली मुलं एकटी येतच नाहीत. खरं आहे. आपल्याकडे एका मुलाबरोबर आई, बाबा, आत्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि शेजारचा बंटी असे सगळे येतात. मूल एकटं पडतं ते फाटकाच्या आत आल्यावर.

माझीही एक मुलगी आहे. मे महिन्यात मी इथे लोकांची मुलं मोजतो, तेव्हा ती गावी माझ्या आईजवळ असते. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसते. थोड्या थोड्या वेळाने मान वर न करता हाक मारते, 'कुठं हाईस गं?' पोरगी विहिरीच्या बाजूने 'ओ' म्हणाली तर सूप खाली ठेवून उठते. चिंचेखालून 'ओ' आली तर पुढचा खडा काढते. १०/२० तिला कोणी शिकवलेला नाही. या यंत्रणेला वीज लागत नाही, वायफाय लागत नाही, फक्त हाक मारणारा माणूस जागेवर लागतो.

एवढं सगळं मनात साठल्यावर मी व्यवस्थापनाला लेखी सूचना दिल्या. पहिली, मूल पाण्यात सोडताना मोबाईल काउंटरवर जमा करावा. पावती मिळेल. मूल दाखवा, मोबाईल न्या. दुसरी, हरवलेल्या मुलांचा कक्ष बंद करून तिथे हरवलेल्या पालकांचा कक्ष उघडावा. पालकांना बाकावर बसवावं, बिस्कीट द्यावं, आणि मुलाने येऊन ओळख पटवून सही केल्याशिवाय सोडू नये. तिसरी, तिकिटाच्या खिडकीवर मुलाची उंची मोजतो तशी पालकांची परीक्षा घ्यावी. मुलाने आज कोणत्या रंगाची चड्डी घातली आहे, एवढा एकच प्रश्न. नापासांना मुलांच्या दरात तिकीट, म्हणजे त्यांच्यावरही लक्ष ठेवायला आम्ही मोकळे.

व्यवस्थापनाने सूचनांची गंभीर दखल घेतली. बैठक झाली, चहा-सामोसे झाले, आणि सर्वानुमते ठरलं की 'मुलांची जबाबदारी सर्वस्वी पालकांची' हा फलक मोठा करायचा. आधी तो पॉपकॉर्नच्या गाडीमागे होता. आता तलावाच्या काठावर वीस फुटी लावला आहे, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती, चार भाषांत. घाटाचा वारा जोरात असल्याने तो हलतो. पाया पक्का होईपर्यंत तो धरून उभं राहायला माणूस हवा होता. ते काम मला दिलं आहे.

मी विचारलं, 'साहेब, मी दोन्ही हातांनी फलक धरला तर तलावावर लक्ष कोण ठेवणार?'

साहेबांनी फलकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, 'वाच की! पालक आहेत ना.'