गडग्यावरचा टॅब

आमच्या आणि माईंच्या परसाच्या मधे कमरेएवढा जांभ्याचा गडगा आहे. सकाळचे साडेदहा झाले की माई निवडायची भाजी घेऊन पलीकडे टेकतात आणि मी धुणं वाळत घालायच्या निमित्ताने अलीकडे. काल विषय होता नानांचा टॅब. तसा तो रोजचाच, काल जरा लांबला.

"अगो, पानावर बसल्या बसल्या पुन्हा सुरू. म्हणे या घरात परत कंप्युटर येणार नाही. मी कुठे आणा म्हटलंय?"

नानांचा कंप्युटर २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. आमचा वरच्या खोलीत म्हणून वाचला. नानांचा सीपीयू टेबलाखाली, जमिनीवर. पाणी ओसरल्यावर उघडला तर आत वाशिष्ठीचा गाळ आणि एक मेलेला खेकडा. (हे माईंचं म्हणणं. नाना म्हणतात, खेकडा नव्हता.) तेव्हापासून त्यांनी धरून ठेवलंय की वस्तू अशी हवी, पाणी चढायला लागलं की काखोटीला मारून माळ्यावर जाता आलं पाहिजे. चिपळुणात राहणाऱ्या माणसाला यावर काय बोलणार? शिवाय पावसाळ्यात वीज गेली की आमचा यूपीएस जरा वेळ टीं टीं करून मान टाकतो, आणि नाना पडवीत आरामात टॅबवर पेपर वाचत असतात. तो चौकोनी उजेड मला खिडकीतून दिसतो. जळफळाट होतो.

आणि खरंच, त्यांचं सगळं त्यावर चालतं. विजेचं बिल, भावाशी व्हिडिओवर भांडण, सातबारा. पूर्वी सातबाऱ्याला तलाठ्याची वाट बघत बसायचे, आता डिजिटल सहीचा घरबसल्या काढतात. आंब्याच्या दिवसांत तर टॅब हातातून सुटत नाही: पेटी उघडून फोटो काढायचा, पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवायचा, पैसे आले की नावापुढे टिंब.

"आणि मला बोलून लिहायला शिकवलंन," माई म्हणाल्या. "नणंदेला सांदणांची कृती पाठवायची होती. मी आपली सांगत्ये सांदणं, सांदणं, आणि तो मेला लिहितोय चंदन. तिचा फोन आला, वहिनी, चंदन किती वेळ वाफवायचं?"

मी हसून घेतलं. मग हळूच विचारलं, "हयातीच्या दाखल्याचं काय झालं हो गेल्या खेपेला?" मला माहीत होतं, पण माईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

नाना पोस्टातले पेन्शनर, त्यामुळे दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगावं लागतं. आता ते चेहरा दाखवूनही होतं; कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची. नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि तासभर डोळे मिचकावले. टॅब काही त्यांना ओळखेना. शेवटी कळलं की पुढचा कॅमेरा निदान पाच मेगापिक्सेलचा लागतो आणि यांच्या टॅबचा दोनचा. पैसे वाचवले होते ते नेमके तिथे. मुलाच्या फोनवर दोन मिनिटांत जिवंत झाले.

"कॅमेऱ्यात वाचवले आणि लांबीरुंदीत घातले," माई म्हणाल्या. "समोरच्यांचा दहा इंची, म्हणून आमचा अकरा."

त्या एका इंचाची गंमत माईंना ठाऊक नाही. एक्सेलचं अॅप १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकटात बदल करू देतं. पडदा त्याहून मोठा असला की वर्गणी मागतं. नानांचे हिशेब दिसतात, पण आकडा बदलता येत नाही. समोरचे मात्र आपल्या छोट्या टॅबवर पेट्यांचा हिशेब फुकटात करतात. नानांनी मग गूगलच्या शीट्सचा रस्ता धरला. बोटाने सूत्र लिहायचं म्हणजे कळफलकाने अर्धा पडदा खाल्लेला आणि उरलेल्या अर्ध्यात बेरीज शोधायची. पण करतात बिचारे.

माईंपासून लपवलेलं दुखणं निराळंच आहे. देवळाच्या उत्सवाचे हिशेब आणि वर्गणीदारांच्या याद्या नाना वीस वर्षं कंप्युटरवर लिहीत. तो पेनड्राइव्ह कपाटाच्या वरच्या खणात होता म्हणून पुरातून वाचला. टॅबला वायर लावून उघडला, तर श्रीगणेशायपासून शेवटच्या वर्गणीदारापर्यंत सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. याद्या 'शिवाजी' फॉन्टातल्या. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचे हे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी अंगरखा. फॉन्ट नसला की अंगरखा गळतो आणि आतलं इंग्रजी उघडं पडतं. तो फॉन्ट टॅबवर घालणं नानांना काही जमलं नाही. आमच्या वरच्या खोलीतल्या जुन्या डबड्यात मात्र आहे.

म्हणून दर शनिवारी दुपारी नाना आमच्याकडे येतात. घरी सांगून येतात, बुद्धिबळाचा डाव आहे. वर आमचे हे आणि नाना मिळून एकेक यादी युनिकोडात फिरवतात. फिरवताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, मग नाना नाव वाचून दाखवतात आणि हे दुरुस्त करतात. मोठ्या अक्षरांत, ठोकायच्या कळफलकावर नाना इतके खुशीत असतात की चहा तीनदा होतो. जाताना जिन्यात मला बजावतात, हिला बोलू नकोस हो.

मी कशाला बोलते. काल जिभेवर आलं होतं तेवढ्यात गिळलं आणि टॉवेल झटकला.

माईंची भाजी निवडून झाली होती. आत जाऊन त्या डबा घेऊन आल्या आणि गडग्यावर ठेवला. "सांदणं आहेत. फणसाची. गरम आहेत तोवर खा."

"डबा संध्याकाळी देते हो आणून."

"घाई नाही," माई घराकडे वळत म्हणाल्या. "शनिवारी ते टायपायला येतील ना वर, त्यांच्याच हाती दे."