खाटेपासून भिंतीपर्यंत

शेजारच्या काकूंचा टीव्ही पोळ्याच्या आसपास गेला. आधी पडद्यावर एक उभी रेघ आली, मग अर्धा पडदा काळा झाला. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनल गेलं, यात पैसे घालू नका. काकूंनी सोयाबीन निघेपर्यंत दम धरला आणि मग माझ्याकडे आल्या. "भाऊ, वीस-एकवीस हजारात कोन्ती टीव्ही घेऊ? पोरगा म्हन्ते त्रेचाळीसचीच घे, फोर-के घे. दुकानवालाबी तेच म्हन्ते. मले तं काईच समजत नाई."

मी विचारलं, "काकू, तुमच्या खाटेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत किती फूट आहे?"

काकूंना सांगता आलं नाही. पोरालाही नाही. दुकानदाराने तर विचारलंच नव्हतं. इंच विचारले, बजेट विचारलं, हप्ता किती झेपेल तेही विचारलं. टीव्ही जिथे लागणार ती खोली मात्र कोणीच विचारली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावात मी पाहिलेल्या बहुतेक टीव्ही-खरेद्या इथेच फसल्या आहेत.

टेप काढा, मग दुकानाची पायरी चढा.

आता बत्तीस इंचाचं. आपल्याकडे घरोघरी बत्तीस इंचीच टीव्ही का? लोकांना तेवढाच आवडतो म्हणून? अजिबात नाही. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याच्या पुढे सरकलात की २८ टक्के. ही रेघ पावणेसात वर्षं टिकली. २२ सप्टेंबर २०२५ ला ती पुसली गेली आणि सगळे टीव्ही १८ टक्क्यांत आले. हिशेब साधा आहे. अठरा हजार मूळ किमतीचा त्रेचाळीस इंची टीव्ही आधी २३,०४० रुपयांना पडायचा, आता २१,२४० ला. अठराशे रुपयांचा फरक. ही रेघ आखणाऱ्यांनी चाळीस इंची पडद्याला चैन ठरवलं. शहरात घरातल्या प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा असतो. आपल्याकडे आठ माणसांत एक टीव्ही असतो, कोणी खाटेवर, कोणी खाली चटईवर, कोणी दारात उंबऱ्यावर बसून पाहतो. मोठ्या पडद्याची गरज जास्त कोणाला होती? ज्यांना जास्त गरज, त्यांच्यावरच जादा कर. मला या गोष्टीचा तेव्हाही राग होता आणि रेघ पुसली तरी तो गेलेला नाही.

आणि २१,२४० म्हणजे किती? सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. जवळजवळ चार क्विंटल. तेही हमीभाव हातात पडला तर. वाईट साली एकराला याहून कमी उतारा येतो. म्हणजे काकू एक एकर भिंतीला टांगणार आहेत. त्यांच्याशी बोलताना कोणी 'फक्त एकवीस हजार' म्हणू नये.

खोक्यावरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजलेले असतात. बत्तीस इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच भरतो. त्रेचाळीस इंची सुमारे ९५ रुंद आणि ५३ उंच. इंच अकराच वाढले, पण पडद्याचं क्षेत्रफळ ऐंशी टक्क्यांनी वाढलं. म्हणून दुकानात शेजारी-शेजारी लावलेल्या टीव्हींत मोठ्याकडेच डोळा जातो. वर्तमानपत्र फाडून ९५ बाय ५३ चा तुकडा करा आणि घरच्या भिंतीला चिकटवा. खाटेवर जाऊन बसा. दोन मिनिटांत कळतं.

फोर-के हा या सगळ्या व्यवहारातला सर्वात महागडा गैरसमज आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. फुल एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, फोर-केमध्ये दोन्हीकडून दुप्पट, म्हणजे एकूण चौपट. खोटं काहीच नाही. प्रश्न डोळ्याचा आहे. चांगल्या नजरेच्या माणसालाही एका ठरावीक अंतरापलीकडे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यासाठी ते अंतर साधारण साडेपाच-पावणेसहा फूट येतं. काकूंची खाट भिंतीपासून आठ फुटांवर निघाली. आठ फुटांवरून फोर-केचे जादा ठिपके पोराच्या तरण्या डोळ्यांनाही दिसणार नाहीत, मग काकूंना कुठून दिसणार? त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

दुसरी बाजू याहून मोठी आहे. टीव्हीत घालणार काय? काकूंच्या छतावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही, आणि ज्या घरात दरमहा रिचार्ज परवडत नाही त्या घरात बातम्या आणि मालिका तीच पोचवते. मला तिचं मोल फार वाटतं. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या, एसडी. त्यांत उभे ठिपके ५७६. ते ५७६ ठिपके बत्तीस इंचावर आठ फुटांवरून नीट बसतात. त्रेचाळीसवर ताणले की त्याच आठ फुटांवरून चित्र थोडं पसरट, मऊ दिसतं. पडदा फुल एचडी असो की फोर-के, आत येणारं चित्र तेवढंच राहतं. अर्ध्या इंचाच्या नळाला चार इंची पाइप जोडल्याने पाणी वाढत नाही.

पोरगा म्हणतो, यूट्यूबवर फोर-के दिसतं. दिसतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तासाभराचं फोर-के पाच-सात जीबी खातं. त्याच्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी आहेत. म्हणजे वीस मिनिटांत दिवस संपला.

मग बत्तीसच घ्यायचा? काकूंसाठी मी तेही म्हणणार नाही. त्यांना बातम्यांखालची धावती पट्टी वाचायची असते. कापसाचा भाव, पावसाचा इशारा, एसटीचं काय झालं. त्या पट्टीची अक्षरं बत्तीस इंचावर आठ फुटांवरून त्यांना लागत नाहीत, म्हणून त्या सारख्या पोराला विचारतात, "काय लिवलं रे?" आपल्या घरात आपल्या टीव्हीवरचं स्वतःला वाचता यावं, यासाठी चित्र थोडं मऊ झालं तरी चालेल. म्हणून माझं मत चाळीस इंच, फुल एचडी. तो त्रेचाळीसच्या फोर-केपेक्षा स्वस्त मिळतो, आणि वाचलेले पैसे कुठे घालायचे ते सांगतो.

दुकानातलं चित्र पाहून भुलू नका. तिथे लावलेला व्हिडिओ कंपनीनेच दिलेला असतो: समुद्र, पोपट, फुलं. चमक आणि रंग शेवटापर्यंत वाढवलेले असतात. घरचा फ्री डिशचा बॉक्स पिशवीत घालून न्या आणि म्हणा, "हा लावून दाखवा." बहुतेक दुकानांच्या छतावर छत्री असते. लाजायचं काही कारण नाही, पैसे तुमचे आहेत. मग समोरून न पाहता बाजूला सरका, अगदी उंबऱ्यावर बसलेल्या माणसाइतकं बाजूला, आणि पुन्हा पाहा. काही पॅनलचा रंग बाजूने पाहिला की उडतो, चेहरे फिके पडतात. एकट्या माणसाच्या खोलीत त्याने बिघडत नाही. आठ जणांच्या खोलीत निम्मे लोक बाजूलाच बसतात.

आवाज तर कोणी तपासतच नाही. हल्लीचे टीव्ही पातळ झाले, स्पीकर खालच्या कडेला गेले आणि तोंड जमिनीकडे. काकूंच्या घरावर टिनाचं छप्पर आहे. जुलैत पाऊस टिनावर वाजायला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, टीव्हीचं कुठून येणार? दुकानात गाणं लावून आवाज तपासू नका, गाण्यात सगळेच टीव्ही बरे वाटतात. बातम्या लावा, डोळे मिटा, आणि शब्द कळतात का पाहा. नाही कळले तर वाचलेल्या पैशांतून एक साधा साउंडबार घ्या. फोर-केपेक्षा तो रोज उपयोगी पडेल.

'स्मार्ट'पणालाही जपून. स्वस्त टीव्हीत एक जीबी रॅम असते. दोन-तीन वर्षांत ॲप मोठी होतात आणि टीव्ही रांगायला लागतो. पॅनल चांगलं असेल तर घाबरू नका. ॲप चालवणारी स्टिक मागे लावली की तोच टीव्ही पुन्हा पळतो. पॅनल बदलणं मात्र परवडत नाही, कारण नवं पॅनल जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीला पडतं. पैसा पॅनलवर घाला.

नाव मोठ्या कंपनीसारखं, एखादंच अक्षर वेगळं, आणि किंमत निम्मी असे जोडून बनवलेले टीव्ही बाजारात फिरतात. खोकं फिरवून मागची पट्टी पाहा. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तिथे असलाच पाहिजे. 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथे काही निघालं नाही तर टीव्ही ठेवा आणि बाहेर या.

त्याच मागच्या पट्टीवर व्होल्टेजही लिहिलेलं असतं. बहुतेक टीव्हींवर १०० ते २४० असतं. म्हणजे आपल्याकडचं संध्याकाळचं पडकं व्होल्टेज तो झेलतो आणि त्याच्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा लागत नाही. खरा घात गेलेली लाइन परत येताना होतो. लाइन गेली की बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. आणि विजा चमकायला लागल्या की नुसती पिन काढून भागत नाही, छत्रीची वायरही काढा. उघड्या रानातल्या घरावर छत्री ही सर्वात उंच लोखंडी वस्तू असते.

बिलाचंही बघा. बत्तीस इंची टीव्ही साधारण पन्नास वॅट घेतो, त्रेचाळीस इंची ऐंशी-शंभर. रोज पाच तास पाहिला तर महिन्याला साडेसात युनिटच्या जागी बारा-पंधरा. एरवी किरकोळ. पण ज्यांचं बिल शंभर युनिटच्या काठावर असतं, त्यांचे पुढचे युनिट एकदम चढ्या दराने लागतात.

आता 'झिरो परसेंट' हप्त्यांचं. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ ला बँकांना लिहून कळवलं आहे की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलेलं असतं. तरी पाटी तीच लागते. काउंटरवर एकच विचारा: "रोख दिले तर कितीला?" मग फाईल चार्ज, डाउन पेमेंट आणि सगळे हप्ते कागदावर बेरीज करा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मधलं अंतर हेच व्याज. ते कळून घेतलं तर माझी हरकत नाही, पैसे एकदम नसतात हे मला माहीत आहे. न कळता घेऊ नका, एवढंच.

दुरुस्तीला माणूस कुठून येणार? यवतमाळहून, अमरावतीहून, की नागपूरहून? दुकानदाराला नाव-नंबर लिहून मागा. खोकं मोटरसायकलवर आडवं टाकून आणू नका, पॅनल उभंच न्यायचं असतं. शे-दोनशे देऊन ऑटो करा. जीएसटी क्रमांकाचं, टीव्हीचा सिरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल घ्या. त्या बिलावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. 'बिल पाहिजे तर टॅक्स लागेल' असं कोणी म्हणालं, तर हा टॅक्स तुमच्या या सगळ्या हक्कांची किंमत आहे हे ध्यानात ठेवा.

काकूंनी चाळीस इंची घेतला. सतरा हजारांच्या आत बसला. बॉक्स पिशवीतून नेला होता, आणि बाजूने पाहिल्यावर पहिला पसंत केलेला टीव्ही त्यांनी स्वतःच नाकारला. पोरगा दोन दिवस फुगून होता.

लावायला आलेला माणूस ड्रिल घेऊन थेट दाराच्या चौकटीच्या वर खूण करायला लागला. हॉटेलात लावतात तसा. काकू तूर निवडायचं सूप घेऊन खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढं वर पाहू पाहू माही मान जाईन. मी अशी बसतो, पडद्याचा मध माह्या डोयापाशी पाह्यजे." त्याने खूण पुसली, एक हात खाली केली. काकूंनी सुपातून मान वर केली.

"आनखी थोडं खाली."