रिस्टार्टभाऊ

सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी रिस्टार्टभाऊ चपला बाहेर काढतो. खोली कसली, मागच्या बाजूचं बोळकंच ते. जुन्या पावतीबुकांचे गठ्ठे, इन्व्हर्टरची बॅटरी, कूलरच्या काढून ठेवलेल्या ताट्या, पाण्याची कॅन आणि या सगळ्या पसाऱ्यात लोखंडी स्टुलावर बसवलेला सर्व्हर. अंगावर बोटभर धूळ. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून तसाच आहे. निम्म्या पाकळ्या पंख्यानं आत ओढून घेतल्यात. पण चपला घालून जवळ जायचं नाही. ‘‘स्टॅटिक येते,’’ असं रिस्टार्टभाऊ सांगतो. स्टॅटिक म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारणाऱ्यालाही तो आधी चपला काढायला लावतो.

आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. इथल्या एका लहानशा संस्थेत पाच टेबलं, पाच कम्प्युटर आणि एक सर्व्हर. संस्थेचं नाव सांगून उपयोग नाही. अशी संस्था तुमच्याही गावात आहे आणि तिला रिस्टार्टभाऊही आहेच. त्याचं पाळण्यातलं नाव आधार कार्डावर आहे, बाकी ते कोणाच्या लक्षात नाही.

तो नोकर नाही. पगारपत्रकात त्याचं नाव नाही. फक्त तो आला नाही तर पगारपत्रक निघत नाही. चौकात त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, पासपोर्ट फोटो. भिंतीवर एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट, स्वतःच्याच मशीनवर लॅमिनेट केलेलं. 2001 साली हा कोर्स सुरू झाला आणि ज्याच्याकडं तो कागद, तो ‘कम्प्युटर शिकलेला’ असं महाराष्ट्रानं ठरवून टाकलं. रिस्टार्टभाऊ सुरुवातीच्या पोरांपैकी, म्हणून गावात तो या शास्त्रातला बुजुर्ग. पुढं सरकारनंच त्याला मोठं केलं. 2018मध्ये डिजिटल सहीचा सातबारा आला, 2021च्या 15 ऑगस्टला ई-पीक पाहणी आली, 2024च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. दर योजनेला त्याच्या दुकानात एक बाकडं वाढलं. लाडकी बहीणच्या दिवसांत तो रात्री दोनला अर्ज भरत बसायचा, कारण ‘‘राती साइट हलकी चालते.’’ गावातल्या निम्म्या बायांचे पासवर्ड त्याला पाठ आहेत. एखादीनं ‘‘भाऊ, माझा पासवर्ड काय हाय?’’ असं भर रस्त्यात विचारलं, तर तो भर रस्त्यातच सांगतो.

त्याचं सगळ्यात वजनदार वाक्य म्हणजे ‘‘वरूनच स्लो हाय.’’ हे म्हणताना तो तर्जनी छताकडं दाखवतो. समोरचे काकाजीही छताकडं बघतात. वर म्हणजे मंत्रालय की परमेश्वर, हे स्पष्ट होत नाही; पण दोन्हीकडं तक्रार करून सारखाच उपयोग होतो हे काकाजींना अनुभवानं माहीत असतं. ते टोपी नीट करतात आणि उद्या येतो म्हणून उठतात.

पंचाईत अशी की संस्थेचा सर्व्हर ‘वर’ नव्हता, मागच्या बोळक्यात होता. तिथं बोट दाखवायला छत नव्हतं, पत्रे होते.

तर हा सर्व्हर सकाळी लॉगिन होईना. म्हणजे व्हायचा, पण सावकाश. संस्थेचा हिशेब अजून काळ्या स्क्रीनवर चालतो. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा आणि बसायचं. कर्सर लुकलुकतो, बाकी काही नाही. या वेळात रोखपाल खर्रा घोटून घ्यायचे. पहिल्या तीन महिन्यांत त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. उलट ती एक सोय होती. दिवाळीच्या तोंडावर मात्र ठेवीदारांची रांग पायरीच्या खाली गेली आणि मॅनेजर साहेबांनी फोन लावला.

‘‘भाऊ, लॉगिन होऊन नाही राहिलं लवकर.’’

‘‘रिस्टार्ट मारला का साहेब?’’

‘‘मारला ना.’’

‘‘तुमी मारला म्हंजे तो मारला नाही. मी येतो.’’

आणि तो आला. चपला काढल्या. सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवला, डॉक्टर मुलाचा ताप बघतात तसा. ‘‘गरम हाय,’’ म्हणाला. ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात गरम नसलेली वस्तू कोणती, हे कोणी विचारलं नाही. मग त्यानं सर्वांना कामं बंद करायला लावली, बटण दाबून धरलं, तोंडातल्या तोंडात आकडे मोजले, सोडलं, थांबला आणि पुन्हा दाबलं. सर्व्हर घरघरला. पाकळ्यांचा चुरा बाहेर उडाला. सगळे टाचा उंच करून बघत होते. सुरू झाल्यावर रिस्टार्टभाऊ बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘आता पाहा.’’

लॉगिन तितकंच सावकाश झालं. पण तो समोर उभा असल्यामुळं सगळ्यांना ते लवकर झाल्यासारखं वाटलं. साहेबांनी चहा सांगितला.

त्याच्यावर हसणं सोपं आहे. पण रिस्टार्ट ही अंधश्रद्धा नव्हे. एखादा प्रोग्राम मेमरी घेतो आणि सोडत नाही, एखादं काम अर्ध्यात अडकतं, एखादी फाइल दोघांनी धरून ठेवलेली असते. यंत्र बंद करून सुरू केलं की ही सगळी लफडी एका फटक्यात मिटतात. बऱ्याच वेळा रिस्टार्टनं खरंच गुण येतो, म्हणून तर त्याचं नाव झालं. शिवाय त्याच्या हाताला काही गोष्टी कळतात. एकदा रात्रभर लाईन नव्हती आणि सकाळी सर्व्हर कोणालाच आत घेईना. इतर जण व्हायरसची चर्चा करत होते. रिस्टार्टभाऊनं स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. यंत्र बरीच वर्षं मागं जाऊन बसलं होतं. तो काही न बोलता घड्याळवाल्याकडं गेला आणि सीआर 2032 नावाचा, नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल घेऊन आला. बोर्डावरचा जुना सेल संपला की यंत्र वीज गेल्यावर तारीख विसरतं, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत फार फरक पडला की कित्येक ठिकाणी पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. हे कारण त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. सेल मात्र बरोबर आणला.

या खेपेला दुखणं वेगळं होतं, आणि ते सापडलं नवीन लागलेल्या क्लार्क ताईला. तिनं काही उघडलं नाही की दाबलं नाही. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावलं आणि दर लॉगिनला किती वेळ लागतो ते वहीत लिहीत गेली. सकाळी गर्दीत वीस सेकंद. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस सेकंद. संध्याकाळी सगळे गेल्यावर, एकटीच असताना, वीस सेकंद. रिस्टार्टच्या आधी वीस, नंतर वीस.

‘‘दादा, हा थकला नाही,’’ ती रिस्टार्टभाऊला म्हणाली. ‘‘हा थांबून राहिला.’’

‘‘कोनासाठी?’’

‘‘तेच पाहू ना.’’

यातलं तर्कशास्त्र सरळ आहे. कामाच्या ओझ्यानं यंत्र मंद झालं असतं तर वेळ कमी-जास्त झाला असता. गर्दीत जास्त, एकांतात कमी. रोज, केव्हाही, एकच आकडा येतो, तेव्हा यंत्र काम करत नसतं. ते कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतं, आणि किती वेळ बघायची हे आधीच ठरवून दिलेलं असतं. लिनक्सवर चालणारा जुन्या वळणाचा सर्व्हर कोणी आत यायला निघालं की त्याचा आकडी पत्ता घेतो आणि नाव सांगणाऱ्याला विचारतो, की हा कोण? उत्तर यायला तो 5 सेकंद थांबतो. नाही आलं तर दुसऱ्या नाव सांगणाऱ्याला विचारतो, पुन्हा 5. मग चिकाटीनं दोघांकडं आणखी एकेक फेरी. दोन जण, दोन फेऱ्या, पाच-पाच सेकंद. झाले वीस. त्यानंतर तो नाद सोडतो आणि मुकाट्यानं आत घेतो.

हे दोन नाव सांगणारे कोण, ते एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ताईनं ती उघडली. आत दोन पत्ते होते. पहिला, पूर्वीच्या इंटरनेटवाल्यानं बसवलेल्या राऊटरचा. तो राऊटर पावसाळ्यात जळाला, आणि त्याचा डबा आता साहेबांच्या टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवलेला होता. दुसरा त्याच इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरचा. कनेक्शन बदलल्यावर तोही बोलायचा बंद झालेला. राऊटर बदलला कोणी? रिस्टार्टभाऊनंच. इंटरनेट सुरू झालं, व्हिडिओ दिसला, त्यानं चहा घेतला आणि तो गेला. सर्व्हरला नवा पत्ता सांगायचा राहिला. तेव्हापासून सर्व्हर रोज प्रत्येक माणसामागं साहेबांच्या टेबलावरच्या डब्याला प्रश्न विचारत होता.

उपाय छोटासाच निघाला. फाइलमध्ये नव्या राऊटरचा पत्ता घातला. आणि पाचही कम्प्युटरांची नावं व आकडे सर्व्हरवरच्या ‘होस्ट्स’ नावाच्या यादीत लिहून टाकले, म्हणजे घरच्या माणसांची ओळख बाहेर विचारायला नको.

या यादीचं घराणं जुनं आहे. 1970च्या दशकात इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर जगातल्या जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंच्या कार्यालयात सांभाळली जाई. नवं यंत्र जोडलं की त्यांच्याकडं कळवायचं, मग त्यांच्याकडून यादीत नाव चढायचं. यंत्रं वाढली, यादी आवरेना, तेव्हा 1983मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावं वाटून सांभाळायची आजची पद्धत आखली. तरीही ती जुनी यादी गेली नाही. आजही प्रत्येक कम्प्युटरच्या पोटात होस्ट्स फाइल असते. फाइनलर बाईंचं कार्यालय आणि आंजीचं बोळकं यांत फरक एवढाच, की त्यांच्याकडं बदल झाला की लिहिला जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोखपालांनी पासवर्ड टाकला आणि खर्ऱ्याची पन्नी काढेपर्यंत स्क्रीन उघडला. ते चक्क नाराज झाले. ‘‘एवढ्यात कसा काय घोटायचा बा?’’ म्हणाले.

रिस्टार्टभाऊला बोलावून दाखवण्यात आलं. तो ओशाळला असेल असं कोणाला वाटलं असेल, तर त्यांना हा माणूस कळलेलाच नाही. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं, टेबलावरच्या डब्याकडं पाहिलं आणि मान हलवली. ‘‘मी तवाच म्हटलं होतं, राऊटरचं लफडं हाय.’’ कधी म्हटलं होतं, ते साहेबांना आठवेना. पण त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं की साहेब स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेत राहिले. मग त्यानं ताईला बाजूला घेऊन ती फाइल कुठं असते, पत्ता कसा बदलायचा हे बारकाईनं विचारून घेतलं आणि तळहातावर बॉलपेननं लिहून घेतलं. आठ दिवसांनी खरांगण्याच्या एका दुकानात तो म्हणत होता, ‘‘तुमचा सर्व्हर थकला नाही ना भाऊ, थांबून राहिला.’’ दोनशे रुपये आणि आलूबोंडा.

शिकला, हे खरं. पण तळहातावर लिहिलं, हा त्याचा दोष. आणि तो एकट्याचा नाही. लहान ऑफिसातली सगळी विद्या कोणाच्या तरी तळहातावर असते. राऊटर कधी बदलला, पासवर्ड कोणता, बॅकअपची डिस्क कोणत्या कपाटात, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात. आणि तो माणूस सालीच्या लग्नाला पुलगावला. तो कंजूष नाही, विचारलं तर सांगतो. पण लिहून ठेव म्हणावं, तर ‘‘लक्षात राह्यते ना,’’ म्हणतो. लक्षात राहतंही. म्हणूनच तो लागतो. बदल लिहून ठेवणारा मिस्त्री मिळाला तर संस्थेला मिस्त्रीच लागणार नाही, हे गणित त्यानं मांडलेलं नाही. पण उत्तर त्याला आधीपासून ठाऊक असावं.

तेव्हा तुमच्या ऑफिसात लॉगिन रेंगाळत असेल, तर रिस्टार्टभाऊला जरूर बोलवा, चहा पाजा, चपला काढायला सांगेल तर काढा. पण त्याआधी दोन दिवस घड्याळ लावून वेळ लिहा. आकडा गर्दीबरोबर हलत असेल, तर मेमरी, डिस्क आणि त्यांच्यावरचं ओझं बघा. आकडा ठाम एकच असेल, तर मागच्या काही महिन्यांत ऑफिसातून कोणतं यंत्र गेलं याची चौकशी करा. आणि काम झाल्यावर पैसे देण्याआधी त्याच्यापुढं एक वही ठेवा, काय बदललं आणि कोणत्या तारखेला, एवढ्या दोन ओळी त्याच्याच हातानं लिहून घ्या. तो कुरकुर करेल. तरी लिहूनच घ्या.