भागिलेराव

प्रत्येक सोसायटीत एक भागिलेराव असतात. सहावीत 'गुणोत्तर-प्रमाण' सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. भागिलेरावांनी मात्र एकमान पद्धत संसारालाच लावली. वडिलांच्या धाकानं पाठ केलेली पावकी, निमकी, दिडकी, औटकी अजून तोंडावर आहे, त्यामुळे मोबाइल खिशातून काढावा लागत नाही.

मंडईत "गवार तीस रुपये पाऽऽव!" अशी आरोळी आली की लोकांना तीस ऐकू येतं, भागिलेरावांना एकशेवीस. शेजारच्या गाड्यावर "पन्नासला अर्धा" म्हणजे शंभर रुपये किलो. एवढ्यावर गवार घेऊन घरी यावं ना! पण ते पहिल्या गाड्यापाशी थांबून मागच्या गिऱ्हाइकांना हिशेब समजावतात. शेवटी भाजीवाली विचारते, "काका, घ्यायचंय का शिकवायचंय?"

दुकानात त्यांचा खरा कस लागतो. 250 ग्रॅम चहा 140 रुपयांना, 500 ग्रॅमचा पुडा 290 ला. मोठा पुडा स्वस्त, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. भागिलेराव दोन छोटे पुडे उचलतात आणि दहा रुपये वाचवल्याच्या तेजानं काउंटरवर येतात. '25 टक्के जादा' छापलेली बिस्किटं पाहून कुणी पाव पैसे वाचले म्हणालं की ते त्याला तिथंच धरतात. शंभर ग्रॅमच्या पैशात सव्वाशे ग्रॅम. म्हणजे दर शंभरावरून ऐंशीवर आला. स्वस्ताई वीस टक्क्यांची, पंचवीसची नव्हे.

मध्यंतरी सरकारनंच त्यांच्या पोटावर पाय आणला. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एकमानाचा दर छापणं आलं. भागिलेराव दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली आणि खुलले. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅममागे, किलोच्या वरच्यावर किलोमागे! एकीकडे 0.58 रुपये, दुसरीकडे 540 रुपये. हजारानं गुणायला माणूस लागणारच होता. तेलाच्या रांगेत तर त्यांना पर्यायच नाही: लिटरभर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम, त्यामुळे लिटरची पिशवी आणि किलोचा डबा एका भावाला दिसले तरी एका भावाचे नसतात.

त्यांना अडवू शकतं असं एकच माणूस आहे, ते म्हणजे वहिनी.

यंदा हापूस घेताना प्रसंग घडला. मोठा आंबा 900 रुपये डझन, लहान 600. भागिलेरावांनी आंबेवाल्याच्या तराजूवर एकेक फळ ठेवलं. मोठा पाव किलोचा. डझनाचे तीन किलो, म्हणजे तीनशे रुपये किलो. लहान दोनशे ग्रॅमचा. दोन किलो चारशे, म्हणजे अडीचशे. "लहान द्या," ते विजयी स्वरात म्हणाले.

"अहो, कोय आणि साल खाणार आहात का?" वहिनींनी विचारलं. "दर काढायचाच तर रसाच्या वाटीमागे काढा."

एवढी वर्षं भागाकार करणाऱ्या माणसाला भाजक चुकल्याचं पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. त्यांनी दोन्ही डझन घेतले. आमरसाला सगळा मजला बोलावला, आणि पानं वाढल्यावर सूचना केली: "पोटभर खा, फक्त बाठी चोखून झाली की या ताटलीत ठेवा. मोठ्यांच्या डावीकडे."