अंशाचा दहावा भाग

दहावीच्या प्रात्यक्षिकात माझी सगळी वाचनं बरोबर आली आणि तिथंच माझा घात झाला.

काचेचा अपवर्तनांक 1.5 येतो, हे आदल्या वर्षीच्या पोरांकडून आम्हाला जुन्या जर्नलसकट वारशानं मिळालं होतं. मग टाचण्या टोचून, एक डोळा मिटून, ड्रॉइंग बोर्डावर हनुवटी टेकून बसायचं कशाला? आपतन कोन 30, 45, 60 असे गोंडस धरले आणि गणित उलटं चालवून अपवर्तन कोन काढले: 19.5, 28.1, 35.3. कागदावर टाचण्यांची भोकं मात्र चारच्या चार पाडली. कर्कटकाच्या टोकानं.

सरांनी जर्नल नाकाजवळ नेलं. "लेका, कोनमापकावर तुला अंशाचा दहावा भाग कुठं गावला?"

कुंडलच्या पोरांना गणितातलं अपयश फारसं लागत नाही. गदिमा लहानपणी इथं शिकले आणि पुढं मॅट्रिकला गणितानंच त्यांना चीतपट केलं, हा दाखला आम्हाला तोंडपाठ. मी तो बाहेर काढला.

"त्यांनी गाणी रचली. तू आकडे रचतोयस," सर म्हणाले. "बस खाली. काचेची चीप ठेव. टाचण्यांची डोकी बघू नको, पाय बघ."

चार टाचण्यांचे पाय एका ओळीत आणणं म्हणजे वरातीतल्या चार मेहुण्यांना एका रांगेत चालवणं. तीन जुळल्या की चौथी रुसते. शेवटी 45 अंशाला 31 आला. साइनांचा भागाकार केला, 1.37.

"म्हणजे तुझी चीप काचेची न्हवं, पाण्याची निघाली."

किरण वाकतोच कशाला, हे मात्र त्यांनी फळ्यावर न सांगता खिडकीतनं दाखवलं. हंगाम चालू होता, क्रांती कारखान्याकडं उसाच्या गाड्या निघालेल्या. डांबरीवरनं गाडी तिरकी चिखलात उतरली की जे चाक आधी रुततं, त्या अंगाला गाडी वळते. प्रकाशाचं तेच. हवेत सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावणारा गडी काचेत 2 लाखांवर येतो आणि वळतो. पलीकडं बाहेर पडला की पुन्हा मूळच्या दिशेला समांतर, फक्त जरा बाजूला सरकलेला. (निवडणुकीनंतर आमच्या गल्लीतले बरेच जण असेच सापडतात.)

परीक्षा झाली. पुढं मार्चात मळ्यातल्या विहिरीत कळशी पडली. पाणी नितळ, तळाशी पितळ चमकत होतं. मी वाकून अंदाज घेतला, सहा हात. तेवढाच दोर मोजून गळ सोडला. तो कळशीच्या वर अधांतरी फिरत राहिला.

"आरं, दोन हात जास्तीचा सोड," आजी मागनं म्हणाली. "पाणी उथळच दावतंय."

सोडला. खट्ट वाजलं, कळशी वर आली.

ओल्या पायरीवर बोटानं भागाकार केला. खरी खोली आठ, दिसणारी सहा. उत्तर 1.33. पाण्याचा पुस्तकातला आकडा, दुसऱ्या दशांशापर्यंत. जर्नलवर सह्या होऊन महिना लोटला होता. आणि आजीला तर उत्तर आधी कुणी सांगितलंही नव्हतं.