खिडक्यांचा गठ्ठा

"वहिनी, जरा कुंपणाशी या. मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही."

"कुणी पळून गेलं की काय?"

"तसलं नाही हो. माळा काढला काल. मामंजींच्या 'सत्यकथा' मासिकांच्या खाली काय निघालं असेल? दिवाळी अंक 'आवाज'! चांगला सुतळीनं बांधलेला गठ्ठा."

"अगंबाई! तो खिडक्यांचा?"

"तोच. मधुकर पाटकरांनी १९५१ साली काढलेला. मामंजी तर चारचौघांत म्हणायचे, असली थेरं आमच्या घरात चालत नाहीत. दिवाळी अंक म्हणजे साहित्य!"

"सगळेच म्हणायचे तसं. वाचनालयात मात्र 'आवाज'चाच नंबर आधी लावायचे. आणि आपल्या हातात येईपर्यंत निम्म्या खिडक्या फाटलेल्या!"

"यांतली एकही फाटलेली नाही. रात्री हे झोपल्यावर बसले उघडत."

"मग? अजून चावट वाटतात?"

"गंमत तीच आहे. वरच्या पानावर बाईचा लाजलेला चेहरा, बाप्याचे हात भलतीकडे. आपण मनात नको ते रचतो. कापलेला तुकडा उचलला की मागच्या पानावर दिसतं, शिंपी माप घेतोय! चित्र सोवळं, ओवळे आपण. उगाच इकडंतिकडं बघितलं मी, खोलीत कुणी नसताना."

"ज्ञानेश सोनार, चंद्रशेखर पत्की, काय हात होता एकेकाचा! चित्र दोन पानांवर जुळवायचं, खिडकी एवढीशी सरकली तर विनोदच गेला."

"ते खरं. पण बाकीचे विनोद वाचवेनात हो. बायको म्हणजे जाडी नि लाटणंवाली, टायपिस्ट म्हणजे कमनीय. पान उलटलं की पुन्हा तेच. तेव्हा आपण हसायचो, आता वाटतं, त्या टायपिस्टला कुणी विचारलं होतं का?"

"मी नव्हते हसत. माझी बहीण टायपिस्ट होती, साहेबाला नजरेच्या धाकात ठेवायची."

"म्हणून म्हणते, खिडकी टिकली, लाटणं शिळं झालं. खिडकीत वाचणाऱ्याची फजिती होते, लाटण्यात नुसती बायकोची."

"पण मामंजी पक्के निघाले म्हणायचे!"

"थांबा, खरी बातमी पुढंच आहे. एका अंकाच्या कडेला दुधाचा हिशेब लिहिलाय. पेन्सिलीनं. अक्षर सासूबाईंचं!"

"काय सांगता! त्या एकादशी-चतुर्थीवाल्या?"

"सकाळी अंक पुढ्यात ठेवला. तर म्हणाल्या, 'मी आपली साड्यांच्या जाहिराती बघायचे.'"

"सगळ्या खिडक्या उघडून?"